भवभूतीचा जिल्हा आणि उडत येणारे तालुके

सादरीकरणाच्या संगणकीय साधनांत, विशेषतः ज्याच्या नावावरून आता सर्वच सादरीकरणे ओळखली जातात आणि ज्याला कार्यालयीन बोलीत आटोपशीरपणे ‘पीपीटी’ म्हटले जाते त्या पॉवरपॉइंटमध्ये, एक स्लाइड पडद्यावरून जाऊन तिच्या जागी दुसरी येत असताना मधल्या एक-दोन सेकंदांत जो दृश्य चमत्कार घडतो त्याला ट्रान्झिशन म्हणतात. आणि एकाच स्लाइडच्या पोटातील अक्षरे, चित्रे व बाण स्वतंत्रपणे जी धावपळ करतात तिला ॲनिमेशन म्हणतात. हा भेद शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा असला तरी जिल्हा पातळीवरील आढावा बैठकीत तो पाळला जात नाही, कारण तेथे जे जे हलवता येते ते सर्व हलवावे, असा संकेत रूढ आहे. ट्रान्झिशनचे मूळ प्रयोजन तसे साधे आहे: आधीच्या मुद्द्याचा नंतरच्या मुद्द्याशी काय संबंध आहे, विषय पुढे सरकला की बदलला, हे पाहणाऱ्याला न बोलता कळावे. तथापि दोन स्लाइडींमध्ये संबंधच नसेल तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिलेले नाही. ते व्यवहाराने दिले आहे, आणि ते उत्तर असे की अशा वेळी ट्रान्झिशन अधिक मोठे घ्यावे.

या कलेचा इतिहास संगणकाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवणारा ‘मॅजिक लँटर्न’ युरोपात लोकप्रिय होता, आणि दोन लँटर्न शेजारी ठेवून एकाचा प्रकाश मंद करत दुसऱ्याचा वाढवला की पहिले चित्र दुसऱ्यात विरघळून जाते, ही युक्ती तेथील खेळ करणाऱ्यांना अवगत होती. महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने याच जातीचे खेळ केले; हाताने रंगवलेल्या काचा झपाट्याने बदलून पौराणिक कथांतील पात्रे हलल्याचा भास ते निर्माण करत. पुढे चित्रपटाने ही विरघळण्याची आणि पुसून टाकण्याची तंत्रे उचलली, आणि चित्रपटाकडून ती संगणकाकडे आली. रॉबर्ट गॅस्किन्स यांच्या कल्पनेतून आणि डेनिस ऑस्टिन यांच्या प्रोग्रॅमिंगमधून साकारलेले पॉवरपॉइंट फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने एप्रिल १९८७ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचे काम काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका छापून देण्यापुरतेच होते. म्हणजे तेव्हा स्लाइड बदलायची तर माणसाला हाताने एक पारदर्शिका उचलून दुसरी ठेवावी लागे, आणि या ट्रान्झिशनमध्ये ती उलटी ठेवली जाण्याची शक्यता हाच काय तो रोमांच होता. १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्लाइडी संगणकातून थेट प्रोजेक्टरवर दाखवण्याची सोय झाली, आणि तेव्हापासून सादरकर्त्याचे हात रिकामे झाले. रिकाम्या हातांनी मानवजातीने काय केले याचा पुरावा पॉवरपॉइंटच्या ट्रान्झिशनच्या आजच्या यादीत आहे, जी सौम्य, उत्तेजक आणि गतिमान आशयाची अशा तीन गटांत विभागलेली असून तिच्यात स्लाइड काचेसारखी फुटते, कागदासारखी चुरगळते, घनाच्या बाजूंवर चिकटून फिरते आणि मधमाश्यांच्या पोळ्यातून उडत जाते.

गोंदिया जिल्ह्याचे या इतिहासातील स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, म्हणजे पॉवरपॉइंट या जिल्ह्यापेक्षा १२ वर्षांनी वडील आहे. इतर जुन्या जिल्ह्यांना टाचणी, फाईल, फळा, तक्ता आणि नकाशा अशा अवस्थांतून क्रमाक्रमाने जावे लागले. गोंदियाचे प्रशासन मात्र जन्मले तेव्हाच स्लाइड पाळण्याशेजारी उभी होती. त्यातच २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून सुरू झाला, शासकीय नोकरीसाठी संगणकाची अर्हता आवश्यक ठरली, आणि तिरोड्यापासून देवरीपर्यंत एक पिढीच्या पिढी स्लाइड तयार करायला शिकली. या अभ्यासक्रमात ट्रान्झिशन कसे लावावे हे शिकवले जाते. ते कधी लावू नये हा भाग बहुधा वेळेअभावी राहून जातो, आणि परीक्षेला न येणाऱ्या भागाचे जे होते तेच त्याचेही होते.

जिल्हास्तरीय आढावा बैठकीतील सादरीकरणाची रचना इतकी निश्चित झालेली आहे की तिला एखाद्या वाङ्मयप्रकाराचा दर्जा द्यायला हरकत नाही. पहिली स्लाइड मंगलाचरणाची असते. तिच्यावर उपस्थित मान्यवरांची नावे ज्येष्ठताक्रमाने असतात, आणि या क्रमात चूक झाल्यास पुढील चाळीस स्लाइडींचा गुणदोष विचारात घेतला जात नाही. याच स्लाइडीवर सारस पक्षी असतो. महाराष्ट्रातील सारसांचा मुख्य अधिवास याच जिल्ह्यात आहे आणि भातशेतीच्या बांधांत घरटे करणारा हा पक्षी जिल्ह्याचा अभिमान आहे, हे निर्विवाद होय. परंतु पशुसंवर्धन, पाणीपुरवठा, लसीकरण आणि थकीत वीजबिल या चारही विषयांच्या मुखपृष्ठावर तो सारखाच उभा राहतो, त्यामुळे जिल्ह्यातील खऱ्या सारसांची संख्या मोजण्यासाठी गणना घ्यावी लागते, स्लाइडीवरच्या सारसांची मात्र कधीच टंचाई भासत नाही.

दुसरी स्लाइड नकाशाची. जिल्ह्याचे आठ तालुके, म्हणजे गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगाव, हे एका नकाशात एकाच वेळी दाखवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, पण ते कमीपणाचे मानले जाते. त्याऐवजी प्रत्येक तालुका स्वतंत्रपणे उडत येतो, आणि तो कोणत्या दिशेने यावा हे भूगोलावर अवलंबून नसून तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या त्या दिवशीच्या वृत्तीवर अवलंबून असते. परिणामी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला अर्जुनी-मोरगाव वरून पडतो, वायव्येचा तिरोडा खालून उगवतो, आणि सालेकसा स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन आपल्या जागी बसतो. प्रत्येक आगमनासाठी कळ दाबावी लागत असल्याने आणि कळ दाबणारा कर्मचारी मधल्या वेळात चहाच्या व्यवस्थेकडे पाहत असल्याने, अनेकदा सात तालुके येऊन आठवा यायचा राहतो, आणि त्या तालुक्याचे अधिकारी आपला निधी तर गेला नाही ना या शंकेने सावध होतात.

यानंतर मुख्य मजकूर सुरू होतो, आणि येथेच या विषयातील एक नियम स्पष्टपणे दिसू लागतो: स्लाइडीची गती ही कामाच्या गतीच्या व्यस्त प्रमाणात असते. जे काम पूर्ण झालेले आहे त्याची स्लाइड साधी असते. तिच्यावर एक आकडा आणि एक छायाचित्र असते व ती निमूटपणे येऊन निमूटपणे जाते. जे काम ‘प्रगतिपथावर’ आहे, म्हणजे ज्याचा पथ तेवढा तयार आहे, त्याची स्लाइड बाजूने सरकत येते. ज्याबाबत ‘कार्यवाही सुरू आहे’ ती स्लाइड घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल पुसत उलगडते, आणि मुदत कधीच संपलेली असल्याने हे घड्याळ विनाकारण सूचक ठरते. जे काम मुळात सुरूच झालेले नाही, त्याच्या स्लाइडीला मात्र काचफुटीचा आवाज, फिरता घन आणि लुकलुकणारे शीर्षक असा सर्व सरंजाम दिलेला असतो. अनुभवी अधिकारी त्यामुळे आकडे वाचतच नाहीत. स्लाइड किती वेळा फिरली यावरून ते प्रलंबित कामांचा अंदाज बांधतात, आणि तो सहसा अचूक निघतो.

माजी मालगुजारी तलावांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या काळात बांधले गेलेले आणि आता संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हटले जाणारे शेकडो तलाव या भागातील धानशेतीचा आधार आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विख्यात होते. पाण्याचा उतार कोठे आहे, पाळ कोठे घालावी, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यावे, हे सर्व त्या मंडळींनी प्रत्यक्ष जमिनीवर चालून ठरवले; त्यांच्याजवळ एकही स्लाइड नव्हती, आणि तलाव पूर्ण होण्यामागे हेही एक कारण असू शकते. आज त्यांतील गाळ काढण्याच्या विषयावरील सादरीकरणात तलावाचे चित्र पाण्याच्या तरंगांप्रमाणे हलत अवतरते. हे ट्रान्झिशन विषयाला शोभणारे आहे हे मान्य करावे लागेल. एवढेच की उन्हाळ्यातल्या बैठकीत ते तरंग पडद्यावरच तेवढे असतात.

विषयाला शोभणारे ट्रान्झिशन हा योग अर्थातच विरळा. कागदी विमानाचे एक ट्रान्झिशन आहे, ज्यात संपलेली स्लाइड दुमडून तिचे विमान होते आणि ते उडून जाते. जिल्ह्यातल्या बिरसीच्या विमानतळानंतरच्या स्लाइडीला ते लावले असते तर औचित्य साधले असते, पण ते अंगणवाडीतील पोषण आहारानंतरच्या स्लाइडीला लावले जाते आणि खिचडीचा तक्ता डोळ्यांदेखत आकाशात झेपावतो. ओरिगामी नावाच्या ट्रान्झिशनमध्ये स्लाइडीचा कागदी पक्षी होतो, आणि मुखपृष्ठानंतरच्या स्लाइडीला ते लागल्यास मान्यवरांची नावे पंखांवर घेऊन सारसाचाच एक पक्षी बनतो. असा योग अपघाताने जुळला तर सभागृहात क्षणभर दाद मिळते, आणि ती आपल्या विभागाच्या कामगिरीला आहे असे समजून विभागप्रमुख किंचित मान लववतात. ट्रान्झिशनला ध्वनी जोडण्याचीही सोय असते, आणि त्या ध्वनींमध्ये टाळ्यांचा कडकडाट, ढोलाचा थरार, स्फोट आणि टंकलेखन यंत्राची टकटक यांचा समावेश होतो. पैकी टाळ्यांचा ध्वनी घातक आहे, कारण तो यंत्रातून आला की माणसांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही याबद्दल संभ्रम होतो, आणि शासकीय सभागृहात संभ्रम झाला की वरिष्ठांकडे पाहिले जाते, आणि वरिष्ठ त्यावेळी मोबाइलकडे पाहत असतात.

पडद्याच्या ट्रान्झिशनचा विचार मात्र स्वतंत्रपणे करायला हवा, कारण हा झाडीपट्टीचा प्रदेश आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर भरणाऱ्या ‘मंडई’ नावाच्या जत्रांपासून रंगू लागतो. गावात शंकरपट असला, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असली, की रात्री नाटक ठरलेलेच असते, आणि ते रात्रभर चालते. ज्या प्रेक्षकाने कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहिले आहे, त्याला पडदा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही: पडदा उघडला की त्यामागे काहीतरी घडलेच पाहिजे, हा त्याच्याशी केलेला करार असतो. पॉवरपॉइंटमधील पडद्याची पद्धत अशी की आधीची स्लाइडच कापडासारखी होऊन मधोमध दुभंगते आणि दोन्ही बाजूंना सरकते. मुखपृष्ठानंतरच्या स्लाइडीला हे लावल्यास प्रमुख पाहुण्यांचे नाव चुण्या पडत अर्धे डावीकडे आणि आडनाव उजवीकडे जाते. एवढी उत्कंठा निर्माण केल्यावर आतून जे बाहेर येते ते ‘मागील सभेच्या इतिवृत्तास मंजुरी देणे’ हे असते. झाडीपट्टीच्या एखाद्या कंपनीने असा प्रयोग केला असता तर ती पुढच्या गावाला पोहोचली नसती.

ट्रान्झिशनचा कालावधी सेकंदांत ठरवता येतो, आणि तो वाढवून ठेवला असता बैठकीत एक विशेष प्रकारचा संवाद संभवतो. ‘खरीप हंगामातील धान खरेदीचा आकडा कुठे आहे?’ असे वरिष्ठ विचारतात. ‘सर, पुढच्या स्लाइडवर आहे,’ असे उत्तर येते. ‘मग पुढची घ्या ना.’ ‘घेतली आहे सर, येते आहे.’ आणि सर्व सभागृह षट्कोनी पोळ्यातून वाट काढत येणाऱ्या त्या आकड्याची प्रतीक्षा करते. धानाची भरडाई करून तांदूळ मिळण्यास गोंदियाच्या गिरण्यांना जेवढा वेळ लागतो त्याच्याशी या कालावधीची तुलना अद्याप कोणी केलेली नाही.

स्लाइडीची सजावट, म्हणजे रंग, अक्षर आणि मजकूर यांची मांडणी, हा याच शास्त्राचा दुसरा भाग होय. एका स्लाइडीवर सहाच ओळी आणि एका ओळीत सहाच शब्द असावेत, असा एक पाश्चात्त्य नियम पाठ्यपुस्तकांत आढळतो. शासकीय योजनेचे केवळ नावच अनेकदा सहा शब्दांत मावत नसल्याने हा नियम येथे गैरलागू ठरतो. येथील पद्धत अशी की संपूर्ण परिपत्रक संदर्भ क्रमांकासह स्लाइडीवर उतरवावे, त्यातील प्रत्येक परिच्छेदाच्या आधी एक ठिपका द्यावा, म्हणजे त्याला ‘मुद्दे’ म्हणता येते, आणि मग ते सावकाश वाचून दाखवावे. पार्श्वभूमीला हिरव्यागार धानाच्या शेताचे छायाचित्र आणि त्यावर पिवळी अक्षरे, ही रंगसंगती संगणकावर देखणी दिसते. प्रोजेक्टरच्या म्हाताऱ्या दिव्यातून आणि न मिटणाऱ्या खिडकीतल्या उजेडात ती अशी काही होते की शेत कापणीला आल्याचे तेवढे कळते. मजकूर जुन्या कृतिदेव फाँटमध्ये टंकित केलेला असेल आणि सभागृहातील संगणकावर तो फाँट नसेल, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची एक रांग उभी राहते. आणि तरीही सादरकर्ता ती न अडखळता वाचून काढतो, ज्यावरून त्याला स्लाइडीची गरज मुळीच नव्हती हे सिद्ध होते. शेवटची ‘धन्यवाद’ ही स्लाइड मात्र सर्व दोषांपासून मुक्त असते: तिच्यावर एकच शब्द असतो, तो मागच्या रांगेतूनही वाचता येतो, आणि प्रेक्षकांच्या मनात खरी भावना उत्पन्न करण्यात ती कधीही अपयशी ठरत नाही.

या सर्व शास्त्राचा आचार्य याच जिल्ह्यातला असावा, ही गोष्ट योगायोगाची असली तरी दुर्लक्षण्यासारखी नाही. आठव्या शतकातील नाटककार भवभूती स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आहे. आमगावचे महाविद्यालयही त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याच्या ‘उत्तररामचरित’ या सात अंकी नाटकाच्या पहिल्याच अंकात एक सादरीकरण आहे. जनक राजा परत गेल्याने सीता उदास आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण राम-सीतेला एका चित्रकाराने रंगवलेली त्यांच्याच जीवनाची चित्रमालिका दाखवायला नेतो. विषय ठरलेला, क्रम ठरलेला, सादरकर्ता नम्र आणि प्रेक्षक दोनच, तेही विषयाचे पूर्ण जाणकार. म्हणजे आढावा बैठकीचे सर्व धोके येथे हजर आहेत.

भवभूतीचे कौशल्य असे की त्याने सर्व ट्रान्झिशने माणसांकडे सोपवली. विवाहाच्या चित्रात लक्ष्मण सीता, मांडवी आणि श्रुतकीर्ती यांची ओळख करून देतो आणि आपल्या पत्नीचे, ऊर्मिलेचे, नाव गाळतो. सीता मिश्कीलपणे विचारते की ही आणखी एक कोण, आणि लाजलेला लक्ष्मण घाईघाईने पुढचे, परशुरामाचे, चित्र दाखवतो. हे संकोचाचे ट्रान्झिशन होय. परशुरामावरच्या विजयाची वाखाणणी सुरू होताच राम त्याला अडवतो, पाहायचे अजून पुष्कळ आहे, दुसरीकडे दाखव, असे म्हणतो. हे विनयाचे ट्रान्झिशन, आणि आपल्या विभागाच्या यशाची स्लाइड स्वतः होऊन पुढे ढकलणारा अधिकारी त्यानंतर नोंदवला गेलेला नाही. पुढे मंथरेचे चित्र येते, तेव्हा राम काहीच न बोलता सीतेला शृंगवेरपुरातला इंगुदीचा वृक्ष दाखवू लागतो, आणि कैकेयीचा प्रसंग आर्याने मधल्या मधे गाळला हे लक्ष्मणाच्या लक्षात येते. हे सौजन्याचे ट्रान्झिशन. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता घाबरते आणि हे केवळ चित्र आहे अशी तिची समजूत घालावी लागते. शेवटी विरहाच्या काळातील माल्यवान पर्वत आला की राम आता पुरे म्हणतो, आणि लक्ष्मण थांबतो. पुढे अजून पुष्कळ अद्भुत चित्रे उरली आहेत हे माहीत असून थांबतो. सादरकर्त्यांच्या इतिहासात याला तोड नाही. सीता थकून रामाच्या बाहूवर झोपी जाते, तेव्हा प्रेक्षकाची झोप हा सादरीकरणाचा शेवट असतो ही परंपराही याच अंकाने घालून दिली. फक्त तिथे सादरीकरण संपल्यावर झोप लागते. सादरीकरणातून निघालेल्या इच्छेवर, म्हणजे वनात पुन्हा जाण्याच्या सीतेच्या इच्छेवर, रथ आणण्याची कार्यवाही मात्र त्याच दिवशी होते, आणि त्यातून पुढचे सर्व दुःख उद्भवते. बैठकीतील निर्णयांची अंमलबजावणी लगेच करू नये या प्रशासकीय प्रथेला एवढा प्राचीन आधार क्वचितच सापडेल.

भवभूतीच्या चित्रशाळेत चित्रे भिंतीवर स्थिर होती आणि पाहणारे हलत होते. आजच्या सभागृहात चित्रे हलतात आणि पाहणारे स्थिर असतात. भवभूतीलाही त्याच्या काळी पुरेशी दाद मिळाली नसावी, कारण काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा आपला समानधर्मा कधीतरी कोठेतरी जन्मेल, अशी आशा त्याने ‘मालतीमाधव’ च्या प्रस्तावनेत बोलून दाखवली. त्याच्या जिल्ह्यातील सादरकर्त्यांनी या विचाराचा पहिला चरण, म्हणजे काळ अनंत आहे हा, निष्ठेने आचरणात आणला आहे.

उपाय अगदीच नाही असे नाही. पॉवरपॉइंटमधील ट्रान्झिशनच्या यादीत सर्वांत आधी, फुटणाऱ्या काचांच्या आणि उडणाऱ्या विमानांच्या कितीतरी अगोदर, ‘नन’ म्हणजे ‘काहीच नको’ असा एक पर्याय दिलेला असतो. तो निवडला की एक स्लाइड जाते, दुसरी येते, आणि या दोहोंमधील संबंध सांगण्याची सगळी जबाबदारी बोलणाऱ्याच्या वाक्यावर पडते. या पर्यायाला खर्च नाही, प्रशिक्षण नाही, निविदा नाही; त्याला लागते ते फक्त सांगण्यासारखे काहीतरी, आणि जिल्हा नियोजनात त्या लेखाशीर्षाखाली अद्याप तरतूद झालेली नाही.